देगलूरकडील दफ्तरें आणि माणसाचें नांव

मोडी व उर्दू कागद वाचून देण्याचें काम ज्यांच्याकडे येतें, त्यांस गेल्या कांहीं वर्षांत एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. कागद पुढें ठेवून मनुष्य विचारतो, "यांत आमच्या पणजोबांचें नांव आहे काय?" सप्टेंबर २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं महाराष्ट्र शासनानें समिति नेमली आणि मराठवाड्यांतील निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. पुढें २ सप्टेंबर २०२५ रोजीं हैदराबाद गॅझेटियरच्या आधारें दाखले देण्याविषयींचा शासननिर्णय निघाला. त्या वादांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. परंतु जुन्या कागदांतील एका नांवावर आज एका कुटुंबाचा दाखला अडतो किंवा सुटतो, हें खरें. अशा वेळीं तें नांव कसें वाचावें, याचा विचार संग्राहकांनीं व सूचिकारांनीं केला पाहिजे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. सरकारी कागदांतील नांव म्हणजे त्या मनुष्यास घरीं ज्या नांवानें हाक मारीत तें नव्हे. कारकुनानें जे प्रश्न विचारले त्यांचीं उत्तरें एका ओळींत मांडलीं कीं तें नांव होतें. एका अमदानींत विचारलेले प्रश्न दुसरींत विचारले गेले नाहींत. म्हणून एकाच मनुष्याचीं तीन कागदांत तीन नांवें आढळतात, आणि तीन निराळ्या माणसांचें नांव एकसारखें दिसतें.

हें पाहण्यास देगलूर फार सोईचें गांव आहे. गांवाच्या नांवांतील 'ऊर' हें अंत्यपद द्राविड भाषांतील, अर्थ गांव. भोंवतालच्या वस्तींत मराठी, तेलुगु, कन्नड व उर्दू या चारही भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत, आणि माणसास नांव देण्याच्या चालीही तितक्याच. दफ्तर मात्र एका वेळीं एकाच पद्धतीचें असे.

प्रथम जुन्या रीतीकडे पाहूं. राष्ट्रकूटांच्या व त्यापुढील ताम्रपटांत दान घेणाऱ्या ब्राह्मणाची ओळख देतांना गोत्र, वेदशाखा, राहण्याचें किंवा मूळचें गांव आणि बापाचें नांव हीं सांगितलेलीं असतात, आडनांव नसतें. पाणिनीच्या अपत्याधिकारांतील तद्धित प्रत्यय ज्यांनीं शिकविले आहेत, त्यांस हें सांगावयास नको कीं आपल्याकडे माणसाची ओळख 'कोणाचा' या षष्ठीनें होत असे. शिवछत्रपतींच्या प्रसिद्ध मुद्रेंतही भोसले हें कुलनाम नाहीं. शहाजीचा पुत्र एवढाच परिचय आहे. पेशव्यांचे शिक्के घ्या. थोरले बाजीराव हे 'बाजीराव बल्लाळ', आणि थोरले माधवराव हे 'माधवराव बल्लाळ'. बल्लाळ म्हणजे बाळाजी. पहिल्यांत तो बाळाजी विश्वनाथ, दुसऱ्यांत बाळाजी बाजीराव. तेव्हां दोन्ही शिक्क्यांवरील बल्लाळ हा शब्द एक, मनुष्य मात्र आजोबा व नातू असे दोन. ज्यानें बल्लाळ हें आडनांव समजून सूची केली, त्यानें भट घराण्यास नवीनच आडनांव बहाल केलें! नाना फडणीस सही करतांना 'बाळाजी जनार्दन' एवढेंच लिहीत. भानू हें कुलनाम त्यांत येत नाहीं आणि नाना हें लोकांतील नांवही येत नाहीं.

ब्राह्मण कारकुनांच्या कागदांत बापाचें नांव असें नुसतें जोडलेलें असतें. पाटील, कुणबी, कारागीर यांच्या नांवांत मध्यें 'बिन' किंवा 'वलद' येतो. दोन्ही शब्द अरबी, अर्थ मुलगा असाच. 'बिन' व 'वलद' पाहून मनुष्य मुसलमान असावा असा तर्क नवखे वाचक करतात, तो निराधार आहे. मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या एकोणिसाव्या शतकांतील छापील निवाड्यांतही हिंदू पक्षकार बिन व वलद लावूनच उभे आहेत. स्त्रियांच्या नांवापुढें 'कोम', 'जोजे', 'मर्द' किंवा 'भ्रतार' लिहून नवऱ्याचें नांव देत. यांपैकीं भ्रतार हा आपला संस्कृत 'भर्तृ' शब्दच होय. सीमेपलीकडील तेलुगु कागदांत स्त्रीच्या नवऱ्याची नोंद 'भर्त' या शब्दानें व मुलाच्या बापाची 'तंड्री' या शब्दानें होते. दफ्तराची लिपि बदलली तरी प्रश्न तोच राहिला आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

मोडी कागदाचा एक गुण असा, कीं नांवाखालीं पुष्कळदां निशाणी असते. पाटलाची व कुणब्याची नांगराची निशाणी सर्वपरिचित आहे. नांव अर्धवट असलें, आडनांव नसलें, तरी ही निशाणी त्या मनुष्याचा धंदा व गांवांतील जागा सांगते. नक्कल करतांना पुष्कळ जण निशाणी गाळतात, ती अजीबात गाळूं नये.

आतां निजामी दफ्तराकडे वळूं, कारण देगलूरकडील बहुतेक वाद तेथूनच उगवतात. हैदराबाद संस्थानांत इसवी सनाच्या १८८० च्या दशकांत फारसीच्या जागीं उर्दू ही दफ्तरी भाषा झाली. फारसीपासून चालत आलेली नोंदीची पद्धत मात्र बदलली नाहीं. कारकून विचारी: नाम काय, वल्दियत काय, कौम कोणती, सकूनत कोठली. म्हणजे स्वतःचें नांव, बापाचें नांव, जात आणि राहण्याचें गांव. ही चौकट ताम्रपटांतील चौकटीच्या किती जवळ आहे पाहा; गोत्राच्या जागीं कौम आली, एवढाच फरक. आडनांवाचा रकाना येथेंही नाहीं. त्यामुळें ज्याच्या घरांत आज पिढीजात आडनांव चालतें, त्यास निजामी कागदांत तें न सांपडणें हेंच स्वाभाविक होय. आडनांव नाहीं, सबब हा मनुष्य आमचा नव्हे, असा निकाल कोणी देईल तर तो चुकीचा ठरेल. उलट बाजूनें आडनांव जुळलें, सबब हा आमचाच, हेंही तितकेंच कच्चें.

येथें 'कोम' व 'कौम' यांचा घोटाळा सांगितला पाहिजे. मोडींत 'रखमाबाई कोम तुकाराम' म्हणजे तुकारामाची बायको रखमाबाई. पण उर्दू नोंदीवरून केलेल्या मराठी नकलेंत 'रखमाबाई कोम मराठा' असें आलें, तर तेथें कोम म्हणजे जात. अक्षरें तींच. पुढचा शब्द विशेषनाम आहे कीं जातिनाम, हें पाहिल्यावांचून अर्थ लागत नाहीं. आणि कांहीं नांवें अशीं असतात कीं तीं दोन्हीं होऊं शकतात. उर्दू कागदांत स्त्रीच्या नांवाआधीं 'मुसम्मात' हा शब्द असतो. त्याचा अर्थ 'या नांवाची स्त्री' एवढाच. तो नांवाचाच भाग समजून वंशावळींत चढविण्याचा प्रकार हास्यास्पद आहे, पण होतो. विधवेस 'बेवा' लिहीत, तेंही नांव नव्हे.

लिपीचा प्रश्न याहून नाजूक. उर्दू लिपींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत. ळ व ण यांस स्वतंत्र अक्षरें नाहींत. बाळाजी व बालाजी तेथें एकच होतात. यावर आणखी कचेरींतील घाईची शिकस्ता वळणाची लिपि, जींत नुक्ते गाळण्याची खोड फार. नाना, बाबा आणि ताता हीं तीन नांवें उर्दूंत लिहून पाहा: नुक्ते काढले तर तिन्हींचा सांगाडा अगदीं एक आहे. आपा व आबा यांचेंही तेंच. महाराष्ट्रांत घराघरांत हींच नांवें. तेव्हां नुक्ता नसलेल्या एका शब्दावर 'हेच आमचे नानासाहेब' असें ठासून सांगणारा वाचक आम्हांस तरी विश्वासार्ह वाटत नाहीं. अशा ठिकाणीं वल्दियत व सकूनत हींच कामास येतात. बापाचें नांव आणि गांव हीं दोन्हीं जुळलीं, आणि आणखी एखाद्या कागदांत तीच जोडी सांपडली, तर नांवाचा निर्णय करावा. एरव्हीं वाचनापुढें प्रश्नचिन्ह ठेवावें.

तेलुगु नांवांचा प्रकार निराळा आहे, आणि आमच्या मतें या सगळ्या विषयांत तोच अधिक मनोरंजक. तेलुगु लोकांत घराण्याचें नांव, ज्यास 'इंटिपेरु' म्हणजे घरचें नांव म्हणतात, तें आधीं येतें व माणसाचें नांव मागून. 'गोलकोंडा पत्रिके'चे संपादक सुरवरम् प्रतापरेड्डी यांचें सुरवरम् हें घरचें नांव. रेड्डी हें जातिवाचक उपपद प्रतापास चिकटलेलें. आपल्या रामटेकहून १९८४ व १९८९ सालीं लोकसभेवर निवडून गेलेले व पुढें पंतप्रधान झालेले पामुलपर्ति वेंकट नरसिंहराव यांचें उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचें. त्यांचें घराणें पामुलपर्ति. परंतु इंग्रजी सूचींत त्यांस 'राव' या अक्षरांखालीं शोधावें लागतें, जणूं राव हें त्यांच्या कुळाचें नांव! माधवरावांस कोणी 'राव' या आडनांवाखालीं घातलें तर आपण हसूं, पण येथें तसेंच झालें आहे. हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो' या कादंबरीचें तेलुगु रूपांतर करणाऱ्या या मराठीज्ञ गृहस्थाचें नांव तरी मराठी सूचींत नीट लागावें, अशी आमची इच्छा आहे.

देगलूर, बिलोली, नांदेड या बाजूस व खालीं विदर्भांतील चांद्याकडे जीं 'वार' प्रत्ययाचीं आडनांवें आहेत, तीं या तेलुगु घरच्या नांवांचींच मराठी रूपें होत. तेलुगूंत 'वारु' हें आदरार्थी बहुवचन. अमुकवारु म्हणजे अमुक घरची मंडळी. कन्नडांतील 'अवरु' हा त्याचाच सोदर. मामिडवार यांत मामिडि म्हणजे आंबा. चिंतावार यांत मराठी चिंता नसून तेलुगु चिंत म्हणजे चिंच. कोंडावार यांत धान्याचा कोंडा नसून कोंड म्हणजे डोंगर. हीं नांवें जोंवर तेलुगु तोंडांत होतीं तोंवर पुढें चालत. मराठी दफ्तरांत शिरतांच त्यांस शेवटचा रकाना मिळाला, कारण आडनांवाची जागा आम्हीं शेवटीं ठरविली होती. मग आमच्या याद्यांत पुन्हां आडनांव आधीं लिहिण्याची रीत पडली, आणि मामिडवार परत पहिल्या जागीं गेले! नांव फिरून मूळच्या क्रमास आलें, पण मधल्या काळांतील कागदांत तें कोठें आहे हें जाणल्याशिवाय माग लागत नाहीं.

कन्नड बाजूच्या लिंगायत घरांत अप्पा, अय्या, स्वामी हीं उपपदें नांवास जडलेलीं असतात. जंगमांचें 'स्वामी' हें आदराचें पद आज पुष्कळ घरांत आडनांव झालें आहे. गंगव्वा मराठी कागदांत गंगाबाई होते, लक्ष्मम्मा लक्ष्मीबाई होते. यांत कोणाची लबाडी नाहीं, कारकुनानें आपल्या कानास ओळखीचें तें लिहिलें. मुसलमानांत शेख, सय्यद हीं पदें नांवाच्या आधीं येतात. 'शेख महबूब वल्द शेख इमाम' या नोंदीवरून मराठी रकान्यांत 'शेख महबूब इमाम' सहज बसलें. पठाणांची गोष्ट थोडी अवघड, कारण कित्येकांच्या नांवाआधीं पठाण व मागें खान अशीं दोन पदें येतात आणि रकाना एकच. नांदेडच्या सिखांत सिंघ व कौर या पदांनीं आडनांवाची जागा भरली, म्हणजे परस्परांशीं कसलाही संबंध नसलेले शेंकडों पुरुष यादींत एकाच कुळाचे दिसूं लागले.

सर्वांत सावधगिरी बाळगावी ती लमाण किंवा बंजारा लोकांच्या नांवांविषयीं. चव्हाण, पवार, जाधव हीं कुळनांवें त्यांच्यांत आहेत आणि मराठ्यांतही आहेत. नुसत्या आडनांवावरून जात ठरविणारा येथें हटकून फसतो. निजामी नोंदींतील कौम हा रकाना येथें खरोखर उपयोगी पडतो. कारण हीं कुळें सीमेच्या दोन्ही अंगांस आहेत: तेलंगणांत ती अनुसूचित जमात, महाराष्ट्रांत विमुक्त जाति. एका रेषेनें एका कुळास दोन वर्ग लाभले आहेत.

ही रेषा केव्हां पडली, तें सांगितलें पाहिजे. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यपुनर्रचना झाली, तेव्हां नांदेड जिल्हा मुंबई राज्यांत आला. परंतु देगलूर तालुक्यांतील बिचकुंदा व जुक्कल हीं मंडळें वगळण्यांत आलीं व तीं आंध्र प्रदेशाच्या निजामाबाद जिल्ह्यांत गेलीं. २०१४ पासून तीं तेलंगणांत आहेत व २०१६ पासून कामारेड्डी जिल्ह्यांत. म्हणजे १९५६ पूर्वीच्या देगलूर तालुक्याचा कागद शोधणाऱ्यास आज दोन राज्यांचीं दफ्तरें पाहावीं लागतात. समजा, एका तेलुगु घरांतील दोघे भाऊ, एक देगलूरास व एक बिचकुंद्यास राहिला. उर्दू कागदांत दोघांची वल्दियत एक. पुढें बिचकुंद्याच्या भावाचें घरचें नांव तेलुगु नोंदींत आधीं राहिलें, त्याला वार लागला नाहीं. देगलूरच्या भावाचें तेंच नांव वार लागून शेवटीं गेलें. नातवांच्या पिढींत दोन्ही कागद शेजारीं ठेवले तर हे चुलते-पुतणे आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. त्यांस जोडणारा दुवा म्हणजे बापाचें नांव व गांव असलेला तो जुना उर्दू कागद. मराठवाड्यांत १९५४-५५ चें खासरा पत्रक म्हणूनच इतकें मोलाचें मानलें जातें. निजामी रीत आणि नवीन रीत यांच्या सांध्यावर तें उभें आहे.

आडनांवाचा रकाना सक्तीचा झाल्यावर ज्यांच्यापाशीं आडनांव नव्हतें त्यांचें काय झालें, याचें उत्तर बरेंचसें शाळांच्या दाखल-खारीज नोंदवह्यांत आहे. आमचा जन्म त्या नोंदवह्यांच्या सहवासांत गेला, म्हणून थोडें अधिकारानें लिहितों. जुन्या पानांवर मुलाचें व बापाचें नांव आणि जात एवढेंच असतें; पुढें चौथा शब्द येऊं लागतो. कोणास वतनावरून पाटील, देशमुख, पटवारी, कोणास धंद्यावरून, कोणास मूळ गांवावरून 'कर' लावून, आणि ज्यांस यांपैकीं कांहींच सुचलें नाहीं त्यांस जातीचेंच नांव. वतनें पुढें गेलीं, नांवें राहिलीं. सख्ख्या भावांचीं आडनांवें निराळीं आढळतात, तीं निराळ्या वर्षीं निराळ्या मास्तरांनीं लिहिलीं म्हणून. हें नवल मानण्याचें कारण नाहीं: महात्मा फुल्यांच्या घराण्याचें मूळचें आडनांव गोऱ्हे, फुलांच्या धंद्यावरून तें फुले झालें. 'कर' प्रत्ययाविषयीं एवढेंच सांगूं, कीं तो गांव सोडल्यावर सार्थ होतो. धुंडामहाराज देगलूरकर पंढरपुरास देगलूरकर. देगलूरच्या पेठेंत त्या शब्दानें एका माणसाची दुसऱ्यापासून निवड होत नाहीं.

ही अडचण आपल्याकडेच आहे असें नाहीं. तुर्कस्थानांत १९३४ सालीं कायदा करून प्रत्येकास आडनांव घेणें भाग पाडलें, आणि खुद्द मुस्ताफा केमाल यांस अतातुर्क हें आडनांव त्याच वर्षीं मिळालें. तेव्हां त्यापूर्वीच्या कागदांत अतातुर्क शोधणें व्यर्थ. १९६१ ते १९७१ पर्यंत संयुक्त राष्ट्रसंघाचे मुख्य चिटणीस असलेले ब्रह्मदेशाचे ऊ थांट यांच्या नांवांतील 'ऊ' ही श्री सारखी पदवी आहे. ब्रह्मी लोकांत कुलनाम नसतेंच. तरीही जगभरच्या छापील नमुन्यांत दोन रकाने होते, आणि लिहिणाऱ्यांनीं ते कसेतरी भरले.

आतां संग्राहकांस व्यवहाराचें सांगणें. कागदाची सूची करतांना नांव जसें आहे तसेंच, त्याच क्रमानें व त्याच लेखनांत उतरावें. बिन, वलद, कोम, मुसम्मात यांपैकीं कांहीं गाळूं नये व आजचें आडनांव आंत घुसवूं नये. सूचीचा मुख्य शब्द स्वतःच्या नांवाचा धरावा. आडनांव असेल तर त्याखालीं केवळ निर्देश द्यावा. बापाचें नांव व मौजा यांस स्वतंत्र स्थान द्यावें. आणि कागद कोणत्या दफ्तराचा, कोणत्या लिपीचा, मूळ कीं नक्कल, हें नांवाशेजारींच नोंदवावें, कारण कोणते प्रश्न विचारले गेले हें त्यावरूनच कळतें. उर्दूवरून मराठींत आणलेलें नांव असेल तर मूळ उर्दू अक्षरांची प्रतिमा जवळ ठेवावी. कोणी वंशावळ जुळवून मागितली, तर जुळली तितकीच पिढी लिहून द्यावी. मधली एक कडी तर्कानें भरून दिली, तर आज एकाचें काम होईल; पण उद्यां तोच कागद दुसऱ्या घराण्याच्या हक्काआड येईल, आणि आपल्या वाचनावर भरंवसा ठेवणारा कोणी उरणार नाहीं.

चालू काळांतील एक बदलही सूचिकारांनीं टिपून ठेवावा. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांचें नांव सरकारी कागदांत स्वतःचें नांव, आईचें नांव, बापाचें नांव व आडनांव या क्रमानें लिहावयाचें आहे. मातेच्या नांवानें ओळख देणें आपल्या देशास नवीन नाहीं. नाशिकच्या लेण्यांतील गौतमीपुत्र व वासिष्ठीपुत्र सातवाहन राजे सर्वांस ठाऊक आहेत, आणि पतंजलीनें पाणिनीस दाक्षीपुत्र म्हटलें आहे. परंतु त्या जुन्या नांवांत 'पुत्र' हा शब्द नातें उघड सांगत होता. नव्या नमुन्यांत चारही नांवें नुसतीं शेजारीं मांडलेलीं आहेत, मध्यें बिन नाहीं कीं कोम नाहीं. एप्रिल २०२४ मध्यें जन्मलेल्या मुलाचें दुसरें नांव बापाचें आणि मे महिन्यांत जन्मलेल्या त्याच्या चुलतभावाचें दुसरें नांव आईचें, अशी स्थिति एकाच घरांत आतां आहे. मुलगा कीं मुलगी, सून कीं लेक, हें न सांगणारी ही चार नांवांची ओळ पुढील शतकांत जो वाचील त्याच्यासाठीं ती तारीख आपल्या सूचींच्या प्रस्तावनेंत स्पष्ट छापलेली असावी, आणि शक्य असेल तेथें प्रत्येक नांवाखालीं नातें बारीक अक्षरांत लिहावें.